दुसऱ्या गाडीचा रिले

अजिनाथ मिस्त्रीचा एक रिवाज होता. गाडीचं काम झालं की तो मालकाला म्हणायचा, "हात पुढं करा." मालक जरा बावरून तळवा पुढे करायचा आणि अजिनाथ त्यावर गाडीतून निघालेला दोष ठेवायचा. काळी पडलेली वायर. उंदराने कुरतडलेला तुकडा. हिरवी पूड धरलेला बॅटरीचा टर्मिनल. "हा तुमच्या गाडीचा आजार," तो म्हणायचा, "घरी न्या, बघा, मग फेकून द्या." काही जण हसायचे. काही जण तिथेच नालीत टाकून हात पँटला पुसायचे. अजिनाथला त्याचं काही नव्हतं. त्याच्या लेखी दोष मालकाच्या हातावर गेला की काम संपलं. त्याआधी नाही.

हे तो छावणीत शिकला होता. छावणीच्या बाजारामागे लष्कराच्या लिलावातल्या जीपा आणि ट्रक दुरुस्त करणारा एक म्हातारा उस्ताद होता. सतराव्या वर्षी अजिनाथ त्याच्याकडे राहिला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात उस्तादाने त्याला बजावलं, "जो निकाला वो दिखाने का. नै दिखाया तो तू मिस्त्री नै, चोर है." उस्तादाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण वायरीवर नुसतं बोट फिरवून ती आतून कुठे तुटली आहे ते तो सांगायचा.

अजिनाथ खुलताबादच्या डोंगराखालच्या वस्तीतला. बाप मुंजाबा मेंढरं राखायचा. पोरगा मेंढरांच्या मागे जायचं सोडून विजेच्या मागे लागला, हे बापाला शेवटपर्यंत रुचलं नाही. "दिसत नाय, वास येत नाय, अन् त्याच्यामागं फिरतो," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. पण मुंजाबाची एक गोष्ट अजिनाथने शहरात आणली. आजारी मेंढरू मुंजाबा दिवसा शोधत नसे. दिवसा ते कळपाबरोबर चालतं, चरल्याचं सोंग करतं. कळप बसला, निजला की मगच कळतं कोणाचा श्वास वेगळा आहे. गाडीचंही तसंच असतं, हे अजिनाथला पुढे उमगलं. चालू गाडी सोंग करते. बंद करून, दारं लावून, तिला झोपवून बघावं लागतं.

बघायचं साधन साधं. होल्डरमध्ये बसवलेला मीटरचा बारीक बल्ब, त्याला दोन वायरी, टोकांना चिमटे. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची आणि मध्ये हा बल्ब जोडायचा. गाडी बंद असताना कोणी चोरून करंट खात असेल, तर तो या बल्बातूनच जाणार आणि बल्ब पेटणार. मग एकेक फ्यूज उपसत जायचं. ज्या फ्यूजला बल्ब विझला, चोर त्या गल्लीत.

आईकडूनही त्याने एक गोष्ट घेतली होती. आपल्याकडच्या उन्हात गाडीच्या आत टेपचा डिंक वितळतो, टेप सरकतो, जोड उघडा पडतो. सारजाबाईने टकळीवर कातलेलं काळ्या लोकरीचं सूत अजिनाथ जोडावर घट्ट गुंडाळायचा, मग वरून टेप. लोकर पटकन आग धरत नाही. जळलीच तर वास सोडून सावध करते. सात वेढे आणि गाठ आतल्या बाजूला. सारजाबाई जाऊन नऊ वर्षं झाली, पण तिने कातलेल्या सुताचे दोन गुंडे अजून दुकानात पत्र्याच्या डब्यात होते. या शहरात लोकरीने जोड बांधणारी दोनच माणसं होती. एक अजिनाथ, दुसरा त्याचा मुलगा सत्यम.

दुकान चिकलठाण्याला, जालना रोडच्या सर्व्हिस रोडवर. पत्र्याची शेड, पुढे लिंबाचं झाड. एकेकाळी गाड्यांची रांग झाडापलीकडे जायची. मग काचेची शोरूम आली. तिथे गाडीला मशीन लावतात, मशीन एक नंबर दाखवतं आणि त्या नंबराचा पार्ट बदलतात. दोष तिथेच राहिला तर आणखी एक पार्ट बदलतात. अजिनाथकडे आता गाड्या सगळ्यात शेवटी येत, सगळ्या डॉक्टरांनी हात टेकल्यावर म्हातारं माणूस गावाकडच्या वैद्याकडे आणतात तशा. सत्यमने डिप्लोमा केला आणि दुकानात बसायला नकार दिला. "इथं काय हाय आबा? बल्ब!" असं म्हणाला. दोन वर्षं घरी बसला. अजिनाथची बायको सत्यशीला त्याला ताट वाढायची आणि दोघांकडेही बघायची नाही. मग पुढारी आप्पासाहेबांच्या शिक्षणसंस्थेत तो बसच्या वायरिंगला लागला. टेम्पररी. चाळीस बस, तीन शाळा, एक कॉलेज. सत्यशीलाने त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. अजिनाथनेही एक खाल्ला.

एप्रिलातल्या एका मंगळवारी सकाळी तनुजा आली.

तिला तो लहानपणापासून ओळखत होता. तिचे वडील खुलताबादच्या शाळेत गुरुजी होते. त्यांची जुनी गाडी कायम अजिनाथच्या दारात असायची आणि ही परकर-पोलक्यातली पोरगी बाकड्यावर बसून टेस्टलॅम्प धरायची. बल्ब पेटला की ओरडायची, "काका, चोर!" गुरुजी गेले. तनुजा आप्पासाहेबांची धाकटी सून झाली, ऋतुराजची बायको. लग्नात गुरुजींनी दिलेली छोटी पांढरी गाडी ती स्वतः चालवत शहराच्या दुसऱ्या टोकाच्या फार्मसी कॉलेजात शिकवायला जायची. सासऱ्यांच्या कॉलेजात नाही, दुसऱ्याच. त्यावरूनही घरात झालं होतं म्हणे.

"काका, परत उतरली," ती उतरता उतरताच म्हणाली. कुणीतरी दुसऱ्या गाडीवरून वायर लावून ती चालू करून दिली होती. इंजिन तिने बंद केलं नव्हतं. "चौथ्यांदा. नवीन बॅटरी टाकलीय, अल्टरनेटर बदललाय. शोरूमवाले म्हणतात गाडी ठीक आहे, मॅडमच काहीतरी चालू ठेवतात."

"ठेवता का?"

"तुम्हीपण?"

"विचारावं लागतं ताई. आधी माणूस, मग वायर."

ती हसली, पण लगेच गंभीर झाली. "घरी सगळे तेच म्हणतात. ऋतुराज म्हणतो तुला गाडी सांभाळता येत नाही. आप्पा कधी रागवत नाहीत, तुम्हाला माहितीय, ते शांतपणे सांगतात. परवा म्हणाले, आता आणखी एकदा बंद पडली तर ही गाडी ठेवून द्या, ड्रायव्हर तुम्हाला मोठ्या गाडीतून सोडील आणि आणील." तिने गाडीच्या टपावर हात ठेवला. "काका, मला ड्रायव्हर नको. एवढी एकच गाडी माझी आहे. दोष शोधा, आणि माझ्या हातावर ठेवा. मला तो घरी सगळ्यांसमोर दाखवायचाय."

"चारला या," अजिनाथ म्हणाला. ती रिक्षाने कॉलेजला गेली.

त्याने गाडी लिंबाखाली घेतली. सगळं बंद केलं, चावी गाडीपासून लांब नेऊन ठेवली, बल्ब मध्ये जोडला. आताच्या गाड्या लगेच झोपत नाहीत. आतली यंत्रं कूस बदलत राहतात. त्याने चहा मागवला आणि बाकड्यावर बसला. बल्ब आधी लख्ख होता. दहा मिनिटांनी मंद झाला, वीस मिनिटांनी आणखी मंद. विझला मात्र नाही.

आणि मग त्याला ते दिसलं. बल्ब एकसारखा जळत नव्हता. दर थोड्या वेळाने क्षणभर उजळायचा आणि परत मंद व्हायचा. त्याने मनात आकडे मोजले. दहा. पुन्हा दहा. पुन्हा दहा. विसरून राहिलेला दिवा असा जळत नाही, आणि सुटलेल्या वायरीला घड्याळ नसतं. गाडी झोपली होती, आणि तिच्या आत कोणीतरी डोळे मिटून जागं होतं.

सतराव्या फ्यूजला बल्ब विझला. आतल्या दिव्याची लाइन. अजिनाथ डॅशबोर्डखाली पाठीवर झोपला, टॉर्च दातात धरली. स्टिअरिंगच्या मागे, वायरींच्या झुंबडीत, काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी काळी डबी चिकटवलेली होती. तीन वायरी निघालेल्या. ती काय काम करते हे त्याला लगेच कळलं. असल्या डब्या ट्रकवाले बसवून घेतात, गाडी कुठे आहे ते मालकाच्या मोबाईलवर दिसतं.

पण त्याने डबीकडे बघितलंच नाही. तो जोडाकडे बघत होता. टेपची कड नखाने उचलली. खाली काळी लोकर होती. सात वेढे. गाठ आतल्या बाजूला.

तो तसाच पडून राहिला. टॉर्च तोंडातून गळून छातीवर पडली.

जोड चांगला होता. ही गोष्ट त्याच्या मनात पहिल्यांदा आली, आणि नंतर या गोष्टीचाच त्याला सगळ्यात जास्त तिटकारा आला. पोराचा हात तयार झाला होता. चूक जोडात नव्हती, वायर निवडण्यात होती. असल्या डबीची एक वायर कायम चालू असलेल्या लाइनवर जोडतात आणि दुसरी चावीच्या लाइनवर, म्हणजे चावी काढली की डबीला कळतं गाडी उभी आहे, आणि तीही झोपते. सत्यमने दोन्ही वायरी कायम चालू लाइनवरच घेतल्या होत्या. डबीला वाटत होतं गाडी रात्रंदिवस चालू आहे. ती दर दहा सेकंदाला पत्ता सांगत होती आणि बॅटरी पिऊन टाकत होती. आणि हे सत्यमला शिकवलं कोणी? वर्षानुवर्षं अजिनाथच त्याला ओरडून सांगत आला होता, "वरून काही बी बसवायचं तर डायरेक्ट लाइनवरून घे, चावीच्या लाइनला हात लावू नको, जळते." जुन्या जीपांचा नियम. पोराने तो अक्षरशः पाळला होता. बसच्या मोठ्या बॅटऱ्यांना आणि रोजच्या धावण्याला ते कळलं नाही. छोट्या गाडीच्या बॅटरीला कळलं.

मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. त्याने बोलावलं नव्हतं, तरी सत्यम आला होता.

"आबा, तुम्ही बॅटरी काढली का?"

अजिनाथ डॅशबोर्डखालून सरकत बाहेर आला. "तुला कोणी सांगितलं?"

"साहेबांच्या मोबाईलवर मेसेज गेला. करंट कापला म्हणून. गाडी चिकलठाण्यात तुमच्या दारात हाय हे बी दिसतंय." सत्यमने गाडीकडे बघितलं नाही. "डबी काढू नका."

"कोणाच्या गाडीत बसवतो ते माहीत होतं तुला?"

"माहीत होतं."

"गुरुजींच्या पोरीच्या?"

"आबा, चाळीस बसमधी बसवल्यात मी. ही एक्केचाळीसावी. साहेब म्हणले, सूनबाई एकट्या फिरत्यात, काळजी वाटती. काळजीचंच हाय ना ते? ऋतुराजभैय्यांच्या मोबाईलवर बी हाय."

"तिच्या मोबाईलवर हाय का?"

 सत्यमच्या खिशातला फोन वाजला. त्याने बघितलं, उचलला, "हो साहेब, हो, इथंच," म्हणाला आणि फोन बापापुढे धरला.

आप्पासाहेबांचा आवाज गोड होता. त्या आवाजाने त्यांनी दोन निवडणुका आणि तीन संस्था जिंकल्या होत्या. "अजिनाथराव, नमस्कार. बरं झालं गाडी योग्य हाताखाली आली. आमच्या पोरांनी काहीतरी अर्धवट केलं म्हणायचं. बॅटरीचा तरास गेला पाहिजे बघा, सूनबाई लई वैतागल्यात. बाकी घरातलं घरात राहू द्या. तुम्ही समजदार माणूस." मग थोडं थांबून, "सत्यमचा हात तुमच्यावर गेलाय. त्याला पर्मनंट करायचा कागद माझ्या टेबलावर हाय. बघू या महिन्यात."

धमकी नव्हती. धमकी असती तर कदाचित अजिनाथ भडकला असता. बापाचं मेंढरं राखणाऱ्याचं रक्त त्याच्यात होतं, शिवीला शिवी त्याला येत होती. गोड बोलण्याला काय म्हणायचं ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं. "जी," म्हणाला. नुसतं "जी."

सत्यम निघून गेला. जाताना म्हणाला, "चुकलं कुठं ते तरी सांगा. पुढच्या वेळी ध्यानात राहील." अजिनाथने सांगितलं नाही.

दुपारी दोनपर्यंत तो बाकड्यावर बसून होता. त्याने स्वतःला बऱ्याच गोष्टी सांगितल्या. डबी काढून तनुजाच्या हातावर ठेवली तर ती डबी घेऊन घरी जाणार, सगळ्यांसमोर ठेवणार. मग काय? तिचं घर मोडेल. पोराची नोकरी जाईल. आणि गाडी तर जाईलच. त्यापेक्षा दोष दुरुस्त केला, डबी तशीच ठेवली, तर बॅटरी उतरणार नाही, गाडी तिच्याकडे राहील. तिला गाडीच तर पाहिजे. डबी काय, एका कोपऱ्यात पडून राहील. पोरगी कुठे वाईट ठिकाणी जाते थोडीच, की बघणाऱ्याला काही दिसावं?

ही सगळी वाक्यं त्याने नीट मांडली, एकावर एक. पण खरं सांगायचं तर त्याचा हात आधीच निघाला होता. चुकीची जोडलेली वायर डोळ्यासमोर लोंबत असताना त्याला बसवत नव्हतं. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं की चूक दिसली आणि त्याने ती तशीच ठेवली. तो परत डॅशबोर्डखाली गेला. सत्यमचा एक जोड सोडवला, ती वायर चावीच्या लाइनवर नेली, पत्र्याच्या डब्यातून आईचं सूत काढलं, सात वेढे दिले, गाठ आत घेतली, टेप लावला. गाडी बंद केली, बल्ब जोडला, वीस मिनिटं थांबला. बल्ब विझला. एकदाही उजळला नाही. आयुष्यातल्या सगळ्यात सुबक कामांपैकी ते एक होतं.

राहिला प्रश्न हाताचा.

साडेतीनला त्याने जुन्या पार्टचं खोकं उपसलं. वर्षांनुवर्षं मालकांनी न नेलेले दोष त्यात पडून होते. त्यातून एक रिले निवडला, करंट चालू-बंद करणारा छोटा ठोकळा. एका बाजूने जळून वितळलेला, तपकिरी, बघताक्षणी पटेल असा. कुठल्याशा डिझेल जीपचा होता. फडक्याने पुसला. मग पुसलेला फार स्वच्छ दिसतो म्हणून त्याला पुन्हा थोडं ग्रीस लावलं.

तनुजा चारला आली. येतानाच तिची नजर त्याच्या तोंडावर. "सापडला?"

"हात पुढं करा."

तिने दोन्ही हात पुढे केले, देवळात प्रसादाला करतात तसे. त्याने रिले ठेवला.

"हा?"

"हा चिकटून बसायचा. गाडी बंद केली तरी आतून लाइन चालू ठेवायचा." त्याला वाटलं होतं जीभ अडखळेल. अडखळली नाही. "आता उतरायची नाय बॅटरी. माझी जबाबदारी."

"म्हणजे माझी चूक नव्हती."

"नव्हती ताई," तो म्हणाला. त्या दिवसातलं तेवढं एक वाक्य खरं होतं.

तिने पर्समधून कॉलेजचा कागद काढला, रिले त्यात गुंडाळला, कागदावर तारीख घातली आणि डॅशबोर्डच्या खणात जपून ठेवला. निघताना काच खाली करून म्हणाली, "काका, या शनिवारी आईकडे जाते आता बिनधास्त. मागच्या शनिवारी घाटात बंद पडली असती तर मेले असते." गाडी सर्व्हिस रोडवरून जालना रोडला लागली. अजिनाथ हात पुसत उभा राहिला. हातावर ग्रीस होतं, ते रॉकेलनेही लवकर निघालं नाही.

बॅटरी उतरल्याची तक्रार आली नाही. मे गेला, जून गेला. त्याच संध्याकाळी वाटेतून तनुजाचा एकदा फोन आला होता, "गाडी अगदी पळतेय काका!" नंतर आला नाही. अजिनाथला वाटलं, गाडी चांगली असली की मिस्त्रीची आठवण कोणाला होते. हे त्याने स्वतःला समाधानाने सांगितलं.

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात संस्थेच्या एका बसने तीच पांढरी गाडी दोरीने ओढत आणली. बसमधून सत्यम उतरला. गाडीवर धुळीचा थर होता, पुढच्या काचेवर पक्ष्यांची घाण वाळलेली.

"चालू करून द्यायचीय आबा. विकायचीय."

"ताई?"

"घरीच असत्यात."

"कॉलेज?"

"सोडलं." सत्यमने बाकड्यावर बसत पाण्याची बाटली तोंडाला लावली. "सोडायला लावलं म्हणा. फोन बी काढून घेतलाय. लई दिवस झाले त्याला. एप्रिलातच."

अजिनाथने बॉनेट उचललं. "गाडी तर चांगली होती."

"गाडीचं नाय. खोटं बोलल्या त्या." सत्यमने बाटली बंद केली. "इथून गाडी नेली त्याच दिवशी जेवायच्या वेळी सगळ्यांसमोर एक जळका रिले ठेवला त्यांनी. म्हणल्या, बघा, माझी चूक नव्हती. ऋतुराजभैय्यांनी दुसऱ्या दिवशी डेपोत आणून मला दाखवला. विचारलं, हा आपल्या गाडीचा का? मी म्हणलं, नाय साहेब, हा जुन्या जीपचा, या गाडीत ह्यो बसतच नाय."

अजिनाथचा हात बॅटरीच्या टर्मिनलवर होता. तो तिथेच राहिला.

"तुला कोणी शहाणपण सांगितलं होतं?"

"त्यांनी विचारलं ना! मग खोटं सांगू?" सत्यमला खरंच नवल वाटलं. "मग त्या म्हणल्या, अजिनाथकाकांनी दिला. मी म्हणलं, आबा? आबा मेले तरी दुसऱ्या गाडीचा माल कोणाच्या हातावर ठेवायचे नाहीत. साऱ्या चिकलठाण्याला विचारा. आप्पासाहेबांनी बी मानलं ते. म्हणले, अजिनाथरावांचा शब्द म्हणजे शब्द. मग घरात सुरू झालं, पोरगी खोटं कशापायी बोलली? त्या दिवशी गाडी इथं होती, ही कुठं होती? तवापासून मोबाईलवर मागचं समदं काढून बघायला लागले. आधी कोण एवढं बघत होतं? दर शनिवारी खुलताबाद. घरी सांगायच्या जादा तास हाय, अन् आईकडं जाऊन बसायच्या. आशाबाई एकट्या असतात ना तिकडं."

"आईकडंच."

"आईकडंच. पण न सांगता." सत्यमने बाटली बाकड्यावर ठेवली. "आशाबाई रिलेचं विचारायला इथं बी येऊन गेल्या म्हणं एकदा, दुकान बंद होतं."

अजिनाथने बल्ब जोडला. बॅटरीत पेटवण्यापुरताही जीव नव्हता. दुसरी बॅटरी आणून लावली, गाडी झोपवली, थांबला. बल्ब विझलेलाच राहिला. त्याने डॅशबोर्डचा खण उघडला. कॉलेजचा कागद कोणीतरी परत तिथेच टाकला होता, चुरगळलेला, आणि आत रिले. कागदावर तिच्या अक्षरात तारीख, आणि खाली एक ओळ, बहुधा घरच्यांना दाखवायला लिहिलेली : दिवा मी चालू ठेवला नव्हता.

"सत्यम," तो म्हणाला, "हा मीच दिला होता तिला."

सत्यम उठून उभा राहिला. बापाकडे बघितलं, मग रिलेकडे, मग रस्त्याकडे. बसचा ड्रायव्हर लांब पानाच्या टपरीवर होता. "हळू बोला," तो म्हणाला. "आता सांगून काय व्हायचं? तिचं व्हायचं ते होऊन गेलं. अन् माझा कागद आलाय आबा. परवाच. आईला संध्याकाळी सांगणार होतो." मग, आवाज आणखी खाली आणून, "जॉइंट मी बघितला होता तुमचा. चावीच्या लाइनवरचा. आता सगळ्या बसमधी तसाच करतो."

 अजिनाथने एकदा खुलताबादच्या रस्त्याचा विचार केला, एकदा आप्पासाहेबांच्या बंगल्याच्या फाटकाचा. कुठेही जायला तासभर पुरला असता. मोटरसायकल झाडाखालीच होती.

"साहेबांनी विचारलंय, दोष काय निघाला," सत्यम म्हणाला.

"काय नाय. उभी राहून मेली."

गाडी चालू झाली. सत्यम ती घेऊन गेला, बस मागून गेली. रिले अजिनाथच्या खिशात राहिला. संध्याकाळी सत्यशीलाने गल्लीत पेढे वाटले, आणि त्यानेही एक खाल्ला.

खुलताबादला तो गेला नाही. बंगल्यावरही गेला नाही. दुकान उघडतो, बल्ब लावतो, चोर शोधतो, सापडतो. हात अजून तसाच आहे, उलट आता जास्त लवकर सापडतो. पण "हात पुढं करा" म्हणणं त्याने सोडलं. जुनी गिऱ्हाइकं काम झालं की सवयीने तळवा पुढे करतात. तो त्यावर गाडीची चावी ठेवतो आणि दुसरीकडे बघतो.